कर्करोगाची नोंद : आकडा कमी की मोजणी कमी?

गेल्या अंकात गरीब आणि युद्धग्रस्त देशांमध्ये कर्करोगाच्या नोंदी ठेवताना येणाऱ्या अडचणींवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. अशा देशांतून येणारे आकडे रोगाइतकेच मोजणाऱ्या यंत्रणेविषयीही सांगत असतात, असे त्यात म्हटले होते. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांत घरच्या रुग्णांची माहिती असल्यामुळे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात आमच्या शेजारच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांचा दर देशात सर्वांत कमी असल्याचे वाचले. आमचा भाग खरोखर इतका निरोगी आहे, की येथे कोणी मोजलेच नाही?
— निवृत्त शिक्षक, बार्शी

आपण म्हणता ते आकडे २०१२ ते २०१६ या काळातले आहेत. या दोन जिल्ह्यांच्या नोंदणीत दर लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे रुग्ण आढळले. मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा हाच दर २६९.४ आहे. तरुण आणि वृद्ध लोकसंख्येतील फरक वजा करूनच हे दर काढलेले असतात, त्यामुळे 'तिकडे म्हातारी माणसे जास्त असतील' असे म्हणून ही तफावत झटकता येत नाही. इतके अंतर केवळ मोजणीच्या ढिलाईने पडत नाही आणि केवळ चांगल्या राहणीनेही पडत नाही, असे माझे मत आहे.

काही फरक खरा आहे. लवकर झालेली बाळंतपणे, जास्त मुले आणि दीर्घकाळ स्तनपान यांमुळे खेड्यातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरापेक्षा कमी राहत आले आहे. ऐझॉलमध्ये तंबाखूचा वापर स्त्री-पुरुष दोघांतही जबर आहे आणि अन्ननलिकेचे व जठराचे कर्करोग फार आढळतात. मात्र एखादा आकडा रोगाचा किती आणि मोजणीचा किती, हे तपासण्याच्या काही पद्धती या क्षेत्रात रूढ आहेत आणि त्या वाचकांनीही समजून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली पद्धत अवयवांची. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग डोळ्यांनी किंवा साध्या तपासणीत दिसतात. मेंदू, स्वादुपिंड, यकृत आणि रक्ताचे कर्करोग सीटी स्कॅन किंवा अस्थिमज्जेच्या तपासणीशिवाय सापडत नाहीत. दिसणाऱ्या जागांचे आकडे आसपासच्या प्रदेशासारखेच आणि लपलेल्या जागांचे मात्र फारच कमी असतील, तर रोग कमी नसून निदान कमी आहे असा संशय घ्यावा. दुसरी पद्धत वयाची. बहुतेक कर्करोगांचा दर वयाबरोबर चढत जातो. सत्तरीनंतर तो एकदम खाली आलेला दिसला, तर म्हातारी माणसे रोगातून सुटली असे समजू नये. 'आता या वयात कशाला हाल' म्हणून त्यांना दवाखान्यात नेलेच गेलेले नसते.

तिसरी पद्धत थोडी उलटी वाटेल. नोंदवलेल्यांपैकी किती जणांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाले, हे प्रत्येक नोंदणीत सांगतात आणि हा टक्का जितका जास्त तितके काम चोख, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो शंभराच्या फार जवळ गेला की जाणकार सावध होतात, कारण नोंद करणाऱ्यांनी केवळ पॅथॉलॉजी लॅबच्या वह्या पाहिल्या आणि ज्यांच्या गाठीचा तुकडा कधी काढलाच गेला नाही असे रुग्ण त्यांच्या हाती लागले नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मृत्यूच्या दाखल्यावरूनच कळलेल्या रुग्णांचा टक्काही असाच दोन्ही बाजूंनी बोलतो. तो जास्त असेल तर जिवंतपणी रुग्ण सापडत नाहीत आणि शून्य असेल तर मृत्यूची नोंद कोणी पाहिलेलीच नाही. २०२० साली देशातील नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत 'वृद्धापकाळ' आणि वर्तमानपत्रातील निधनवार्तेत 'दीर्घ आजाराने' एवढेच लिहिले जाते, तिथे या मार्गाने काय सापडणार?

बार्शीच्या नोंदणीचे नाव परदेशी लेखांतही येते, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. त्यात वेगळे काय होते?
— संख्याशास्त्राचा विद्यार्थी, सोलापूर

मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली लोकसंख्याधारित, म्हणजे एका रुग्णालयापुरती नव्हे तर ठरावीक भागातील सर्व रहिवाशांसाठीची, नोंदणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून मुंबई, बंगळूर आणि मद्रास येथे चालू झाला. ही सारी मोठी शहरे होती. नोंद करणाऱ्याने रुग्णालयात जायचे, केसपेपर वाचायचे, फॉर्म भरायचा, ही पद्धत तिथे चालत होती, कारण रुग्ण शेवटी कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयात पोहोचत असे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, तेव्हा रुग्ण जिथे पोहोचेल असे ठिकाणच पंचक्रोशीत जवळजवळ नव्हते. केसपेपरच्या भरवशावर राहिले असते, तर या तीन तालुक्यांत कर्करोग नाहीच, असा निष्कर्ष निघाला असता.

म्हणून बार्शीतील लोकांनी क्रम उलटा केला. प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात. सरपंच, शिक्षक, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, सुईण यांना भेटून, न भरणारी जखम, अंगावरून जाणारे लाल-पांढरे, गिळताना होणारा त्रास, छातीतील गाठ अशी लक्षणे सांगत आणि अशा माणसांना तपासणीसाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात येण्यास राजी करत. गावात झालेल्या मृत्यूंची चौकशीही त्याच फेरीत होई.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आपल्याला यात एक पेच दिसेल. मोजणाऱ्याच्या येण्यानेच मोजली जाणारी गोष्ट बदलते. झालेही तसेच. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. काटेकोर पद्धतीच्या दृष्टीने ही ढवळाढवळ म्हणता येईल. मला मात्र अशी ढवळाढवळ करणारी नोंदणी हवी आहे.

पुढे याच बार्शीच्या रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर गाजला. आठ-आठ वर्षे गावोगावच्या बायकांपैकी कोणाला रोग झाला आणि कोण दगावले हे शोधणारी माणसे तिथे आधीपासून नसती, तर तपासणी करूनही तिचा उपयोग झाला की नाही हे कोणालाच कळले नसते.

गरीब देशांत नोंदणी उभी राहत नाही, याचे कारण यंत्रसामग्री हे क्वचितच असते. ल्योंच्या संस्थेचे 'कॅनरेग' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. अडते ते पगारावर आणि पेट्रोलवर. केसपेपरवरील अक्षर वाचून अवयवाचा आणि पेशींच्या प्रकाराचा अचूक सांकेतिक क्रमांक घालणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो आणि तीन वर्षांचे अनुदान संपले की तोच माणूस दुसरी नोकरी धरतो.

आता सगळ्या शासकीय योजनांची माहिती संगणकावर आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील कर्करोगाचे रुग्ण मोजले की काम झाले. मग वह्या घेऊन कशाला फिरायचे?
— संगणक चालक, पंढरपूर

योजनेच्या संगणकात दावे असतात, माणसे नसतात. एका बाईला केमोथेरपीची सहा सत्रे दिली तर दावे अनेक होतात. जिने उपचार घेतले नाहीत, स्वखर्चाने घेतले किंवा जिच्या रेशनकार्डाचे काम अडले, तिचा दावा एकही होत नाही. दाव्यावर उपचाराच्या पॅकेजचा क्रमांक असतो, रोग नेमका कोणत्या पेशींचा हे त्यावरून पुरते कळत नाही. पूरक म्हणून ही माहिती जरूर घ्यावी, पण ती जुळवताना काय होते ते पाहा.

समजा, सोलापुरातील एका लॅबच्या वहीत 'पाटील शांताबाई, वय ५५, मु. पो. वडगाव' अशी नोंद आहे. पुण्याच्या रुग्णालयात 'शांता भीमराव पाटील, वय ६०, ता. बार्शी' आहे आणि मुंबईत 'एस. बी. पाटील, स्त्री, वय ५८', पत्ता लालबागचा, कारण ती भावाकडे उतरली होती. ही एक बाई की तीन? वडगावे कितीतरी आहेत, वय तर प्रत्येक ठिकाणी अंदाजाने सांगितलेले, आणि माहेरच्या नावाने काढलेले एखादे कार्ड अजून सापडायचेच आहे. सोलापूर शहरात त्यात भर म्हणजे तेलुगू कुटुंबांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची पद्धत आणि कन्नड नावांची मराठी लिपीत होणारी वेगवेगळी रूपे. शिवाय येथील रुग्ण मिरज, लातूर, हैदराबाद, विजापूर, कलबुर्गी असे तीन राज्यांत पांगतात. लालबागचा पत्ता जसाच्या तसा धरला तर मुंबईचा दर उगाच वाढेल आणि बार्शीचा घटेल, म्हणून 'त्या पत्त्यावर वर्षभरापेक्षा जास्त राहत आहात का' हा प्रश्न रुग्णाला किंवा नातेवाइकाला विचारावाच लागतो. तो संगणक विचारत नाही.

बातम्यांत गाझा, सुदान, सीरिया येथील रुग्णालये उद्ध्वस्त झाल्याचे दिसते. अशा ठिकाणी जगण्याचीच भ्रांत असताना कर्करोगाच्या नोंदी ठेवण्याचा आग्रह कशासाठी? आणि युद्धानंतर कर्करोग वाढतो, हे कितपत खरे?
— यंत्रमाग व्यावसायिक, सोलापूर

आपल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून युगांडाचे उदाहरण देतो. कंपालामध्ये १९५१ पासून कर्करोग नोंदणी होती, आफ्रिकेतील सर्वांत जुन्या नोंदणींपैकी ती एक. १९७१ मध्ये इदी अमीन सत्तेवर आला, पुढच्या वर्षी भारतीय वंशाच्या लोकांना देश सोडावा लागला, वैद्यकीय शिक्षण आणि रुग्णालये खिळखिळी झाली आणि नोंदणीही मोडली. ती नीट सुरू झाली १९८९ मध्ये. तेव्हा नोंद करणाऱ्यांना दिसले की पूर्वी तुरळक असलेला कापोसी सार्कोमा हा कर्करोग पुरुषांमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आहे. त्याचे कारण एड्स. एड्सची साथ ज्या वर्षांत त्या देशात पसरत होती, नेमकी तीच वर्षे नोंदीतून गळाली. आधीचे चित्र आहे आणि नंतरचे आहे, वळण मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता दुसरा प्रश्न. १९९१ आणि २००३ च्या युद्धांनंतर इराकमध्ये, विशेषतः बसरा आणि फलुजा येथे, कर्करोग फार वाढल्याचे दावे झाले आणि युरेनियमयुक्त दारूगोळ्याशी त्यांचा संबंध जोडला गेला. तेथील डॉक्टरांच्या अनुभवाला मी खोटे म्हणणार नाही. पण दर काढायचा तर वर रुग्णांची संख्या लागते आणि खाली लोकसंख्या लागते. इराकमध्ये संपूर्ण देशाची जनगणना १९८७ नंतर थेट २०२४ मध्ये झाली. मधल्या १९९७ च्या गणनेत कुर्दिस्तानचा स्वायत्त भाग नव्हता. या काळात लाखो लोक एका शहरातून दुसऱ्या शहरात आणि देशाबाहेर गेले. बसऱ्याच्या रुग्णालयात रुग्ण दुप्पट झाले, तर रोग वाढला, आसपासची रुग्णालये बंद पडली, की विस्थापित येऊन राहिले, हे खालचा आकडा नसताना सांगता येत नाही. याचा फटका दोन्ही बाजूंना बसतो. दावा करणाऱ्यांना सिद्ध करता येत नाही आणि नाकारणाऱ्यांना नाकारणे सोपे जाते. आपल्याकडेही २०११ नंतरची जनगणना २०२७ वर गेल्यामुळे सध्याचे सारे दर अंदाजी लोकसंख्येवर काढले जातात, हे जाता जाता सांगतो.

निर्वासितांचे आणखी वेगळे आहे. सीरियातून जॉर्डनमध्ये आलेल्या रुग्णाला सीरियाच्या हिशेबात धरायचे की जॉर्डनच्या? सीरियाच्या लोकसंख्येतून तो वजा झालेला असतो आणि जॉर्डनच्या लोकसंख्येत अजून मिळवलेला नसतो. जॉर्डनमधील निर्वासितांच्या महागड्या उपचारांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेची एक समिती अर्ज तपासते. २०१० ते २०१२ या काळात कर्करोगाच्या उपचारांसाठी तिच्याकडे ५११ अर्ज आले आणि त्यांतील २४६ मंजूर झाले. बरे होण्याची शक्यता कमी किंवा खर्च फार, ही नाकारण्याची मुख्य कारणे होती. या रुग्णांविषयी अभ्यासकांच्या हाती लागलेली एक मोठी लेखी माहिती म्हणजे हे अर्जच. ज्यांनी अर्जच केला नाही, ते त्या कागदांतही नाहीत.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर खार्टुमचे मुख्य कर्करोग केंद्र बंद पडले. रुग्ण वाद मदनी या शहराकडे गेले; डिसेंबरमध्ये तेही शहर निमलष्करी दलांच्या ताब्यात गेले आणि रुग्णांना पुन्हा निघावे लागले. गाझातील तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय नोव्हेंबर २०२३ मध्ये इंधन संपल्यामुळे बंद झाले. अशा वेळी नोंदणीचा आग्रह म्हणजे मोठी कार्यालये उभारा असे कोणी म्हणत नाही. रुग्णाजवळ निदानाचा एक कागद असावा आणि त्याची एक प्रत सुरक्षित जागी असावी, इतकाच तो आग्रह असतो. पुढच्या डॉक्टरला कोणत्या पेशींचा कर्करोग आणि किती केमो झाली हे कळले नाही, तर तो पुन्हा बायोप्सीपासून सुरुवात करतो आणि तेवढा वेळ रुग्णापाशी नसतो.

मग जागतिक नकाशांवर या देशांचेही आकडे रंगवलेले कसे असतात?
— वाचक, अक्कलकोट

ते अंदाज असतात. जगात २०२२ मध्ये सुमारे २ कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू झाले, हा ल्योंच्या संस्थेचा आकडा आपण वाचला असेल. ज्या देशाची स्वतःची नोंदणी नाही, त्यासाठी शेजारच्या देशांचे दर वापरतात. हे संस्था लपवत नाही, पण नकाशा पुन्हा छापणारे ती तळटीप बहुधा गाळतात.

आमच्या भागातील जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. शिवाय अनेक बायकांची पिशवी काढलेली आहे. याचा नोंदणीवर परिणाम होत असेल का?
— माध्यमिक शिक्षिका, करमाळा

होतो, आणि फारच नेमका प्रश्न आपण विचारला आहे. टोळीबरोबर सहा महिने बाहेर असलेली बाई कार्यकर्त्याच्या फेरीत घरी भेटत नाही आणि कारखान्याच्या गावी ती कोणाच्या यादीत नसते. उचल फिटेपर्यंत ती अंगावर दुखणे काढते, त्यामुळे निदान उशिरा होते.

पिशवीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली आणि शासनाने चौकशी समिती नेमली. नोंदणीच्या दृष्टीने दोन गोष्टी घडतात. काढलेली पिशवी तपासणीसाठी लॅबमध्ये पाठवलीच नाही, तर तिच्यात कर्करोग होता की नाही हे कायमचे अज्ञात राहते. आणि गर्भाशयमुखासह पिशवी काढलेल्या स्त्रीला त्या जागेचा कर्करोग पुढे होऊ शकत नसला, तरी दर काढताना ती भागाकाराच्या खालच्या संख्येत धरलेलीच असते. अशा स्त्रिया गावात बऱ्याच असतील, तर त्या गावाचा दर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. 'कर्करोग होईल' अशी भीती घालून पिशवी काढायची आणि नंतर तिथे कर्करोग कमी दिसायचा, हा प्रकार चीड आणणारा आहे.

मी आशा आहे. गावातल्या एखाद्या घरी कर्करोग असल्याचे कळते, पण घरचे लोक 'ताई, कुठे बोलू नका' म्हणतात. नोंद करणारे आले तर मी काय सांगावे? आणि आमच्या सीबॅक फॉर्मवर लक्षणे लिहिलेली असतात, त्यांतूनच आकडा काढता येणार नाही का?
— आशा स्वयंसेविका, मोहोळ तालुका

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सीबॅक फॉर्म हा तिशीपुढील माणसांतील धोका आणि संशय टिपण्यासाठी आहे. 'तोंड पूर्ण उघडत नाही' यावर खूण केली म्हणजे तो कर्करोगाचा रुग्ण झाला नाही. तंबाखूने किंवा मिश्रीने आखडलेल्या तोंडाची तपासणी व्हायला हवी, पण मोजणीत तो निदान झाल्यावरच येतो. संशयितांना रुग्ण म्हणून मोजले, तर खऱ्या आकड्यावरचा विश्वासही जातो.

घरच्यांचे म्हणणे रास्त आहे. मुलीचे लग्न अडेल, लोक ताटवाटी वेगळी ठेवतील, ही भीती त्यांच्या मनात असते. नोंदणीत नाव घेतात ते एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून. अहवालात नाव छापले जात नाही. हे त्यांना सांगावे. माहिती चौकात किंवा बैठकीत न देता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत द्यावी. काही राज्यांनी कर्करोग कळवणे रुग्णालयांना बंधनकारक केले आहे, पण ते बंधन रुग्णालयावर असते. कुटुंबावर किंवा आपल्यावर नसते.

ते तयार असतील तर थोडेच लिहून घ्या, पण नेमके लिहा : बायोप्सी कोणत्या लॅबमध्ये झाली आणि अहवालावरील क्रमांक, निदानाची पहिली तारीख, शस्त्रक्रियेची नव्हे, रुग्ण या गावात किती वर्षे राहतो, स्त्री असेल तर माहेरचे आणि सासरचे दोन्ही नाव, आणि दुर्दैवाने रुग्ण गेला असेल तर मृत्यूची तारीख. 'गळ्याचा कॅन्सर' असे घरचे म्हणतात तेव्हा तो थायरॉइडचा, स्वरयंत्राचा की अन्ननलिकेचा हे कागद पाहिल्याशिवाय ठरवू नका. ते नकोच म्हणाले तर आग्रह न धरता परत या. बायोप्सी झालेली असेल तर तो अहवाल लॅबच्या वहीत आहे, आणि नोंद करणाऱ्याला तो तिथे मिळू शकतो.